कागदावरचं नाव : बॅरिस्टर मिठन लाम



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या एका बचत गटातली ताई घरपट्टीच्या नोंदीत नवऱ्याच्या नावासोबत आपलं नाव लावायला गेली. गावाचं आणि कार्यालयाचं नाव आम्ही सांगत नाही, कारण हे कुठल्याही गावात होऊ शकतं. नवरा बरोबर होता, पण गाडीजवळ बाहेर उभा राहिला. तूच जा आत, अर्ज तुझा आहे, असं त्यानेच सांगितलं होतं. ती खिडकीपाशी गेली, अर्ज पुढे केला. खिडकीतल्या माणसाने अर्जाकडे न बघता विचारलं, "बरोबर कोण आहे? त्यांना पाठवा." ताई म्हणाली, "मीच आहे." त्यावर उत्तर आलं, "तुम्हाला समजायचं नाही, माणसाला बोलवा."

गटाच्या बैठकीत तिने हे सांगितलं तेव्हा दोघीतिघी हसल्या. एक आजी म्हणाल्या, "तेस्नं नाव शे ना कागदवर, मंग तुन्हं कसाले?" ताईला मात्र हसू आलं नाही. तिने आम्हाला विचारलं, "ताई, मी काय तिथं गेलेली पहिलीच बाई आहे का?"

पहिली नक्कीच नव्हती. त्या दिवशी आम्ही बैठकीत जिची गोष्ट सांगितली तीच आज तुम्हाला सांगतो. तिचं नाव मिठन लाम, माहेरचं मिठन टाटा. मुंबई हायकोर्टात बॅरिस्टर म्हणून उभी राहिलेली ही पहिली बाई, आणि १९४७ साली मुंबई शहराची पहिली स्त्री नगरपाल.

टाटा म्हटल्यावर मोठ्या कारखान्यांचे मालक डोळ्यांपुढे येतात. मिठनचे वडील अर्देशीर हे गिरणीचे मालक नव्हते, कापडगिरणीत नोकरी करत होते. आई हेराबाई. हेराबाईंचं लग्न सोळाव्या वर्षी झालं. नवऱ्याने तिला घरी शिक्षक ठेवून शिकवलं. १८९८ च्या मार्च महिन्यात मिठनचा जन्म झाला, तेव्हा आई एकोणीस वर्षांची होती.

इथं आम्हाला आपल्या असोद्याच्या बहिणाबाई आठवतात. हेराबाईंचा जन्म १८७९ चा, बहिणाबाई चौधरींचा १८८० चा. म्हणजे दोघी अगदी एका वयाच्या. एकीच्या नवऱ्याने घरी मास्तर आणला. दुसरीला अक्षर कधी कुणी शिकवलं नाही. तिची गाणी जात्यावर, शेतात तयार झाली आणि मुलाने, सोपानदेवांनी, ती कागदावर उतरवली म्हणून आपल्यापर्यंत आली. बुद्धी दोघींना होती. कागद एकीच्या हाताशी होता, दुसरीच्या नव्हता. मिठनबाईंचं कौतुक करताना हेही लक्षात ठेवायला हवं की त्यांच्या घरात शिक्षण होतं, इंग्रजी होतं, बोटीच्या तिकिटापुरते पैसेही उभे राहू शकत होते.

१९११ मध्ये मायलेकी काश्मीरला गेल्या होत्या. मिठन तेरा वर्षांची. श्रीनगरला त्यांची गाठ राजकन्या सोफिया दुलीपसिंग यांच्याशी पडली. ही महाराजा रणजितसिंहांची नात, इंग्लंडमध्ये वाढलेली. तिकडे बायका मतदानाच्या हक्कासाठी चळवळ करत होत्या, आणि सोफिया त्यात होती. तिने छातीवर त्या चळवळीचा बिल्ला लावलेला होता. हेराबाईंनी हा बिल्ला कसला म्हणून विचारलं आणि त्यातून बोलणं सुरू झालं. पुढे हेराबाई मुंबईत बायकांच्या संघटनेचं काम करू लागल्या. मिठन एल्फिन्स्टन कॉलेजात अर्थशास्त्र घेऊन पहिल्या वर्गात बी.ए. झाली.

त्याच सुमाराला इंग्रज सरकार इथं नव्या सुधारणा आणणार होतं. कुणाला मत द्यायचा हक्क असावा हे ठरवायला साउथबरो समिती आली. ठिकठिकाणच्या बायकांनी निवेदनं पाठवली. समितीने अहवालात लिहिलं की हिंदुस्थानातल्या बायकांना मत देण्याची वेळ अजून आलेली नाही. बायका पडद्यात राहतात, मत द्यायला बाहेर कशा पडतील. मत द्यायला तयार असलेल्या बायका समोर अर्ज घेऊन उभ्या होत्या तरी हे लिहिलं गेलं. खिडकीतल्या माणसाने "माणसाला बोलवा" म्हटलं, त्याचीच ही सरकारी भाषा.

तेव्हा मुंबईच्या बायकांनी ठरवलं की आपली माणसं थेट लंडनला पाठवायची. माणसं म्हणजे हेराबाई आणि एकवीस वर्षांची मिठन. १९१९ मध्ये दोघी बोटीने निघाल्या. अॅनी बेझंट आणि सरोजिनी नायडूही तिथं होत्या. सर शंकरन नायर यांनी पाठिंबा दिला. तिथल्या संसदेच्या समितीपुढे या बायकांनी आपली बाजू मांडली, खासदारांना भेटल्या, इंग्लंडच्या गावोगावी सभा घेतल्या. मिठन बोलायची. साडी नेसलेली एक मुलगी हिंदुस्थानातल्या बायकांना मत का हवं हे इंग्रजीत समजावते आहे, हे ऐकायला लोक येत.

तरी हक्क सरळ मिळाला नाहीच. १९१९ च्या कायद्याने एवढंच केलं की निर्णय इथल्या प्रांतांच्या कौन्सिलांवर सोडला. १९२१ मध्ये आधी मद्रासने आणि मग मुंबई प्रांताने बायकांना मताचा हक्क दिला. आता मैत्रिणींनो, हे आपल्या घरापर्यंत कसं येतं ते बघा. तेव्हा आपला जळगाव जिल्हा म्हणजे पूर्व खानदेश आणि धुळे म्हणजे पश्चिम खानदेश. दोन्ही मुंबई प्रांतात. म्हणजे मुंबईच्या कौन्सिलचा तो ठराव आपल्या यावलच्या, चाळीसगावच्या, शिरपूरच्या, साक्रीच्या बायकांनाही लागू होता.

लागू होता, पण किती जणींना? मत त्यालाच होतं ज्याच्या नावावर ठरावीक शेतसारा किंवा कर भरला जातो. पुरुषांनाही हीच अट होती, त्यामुळे गरीब पुरुषालाही मत नव्हतं. पण बायकांचं काय झालं? ज्या शेतात ती पहाटेपासून निंदते, कापूस वेचते, त्या शेताच्या कागदावर तिचं नाव नाही. घर ती सारवते, घराच्या कागदावर नाव नाही. कायदा म्हणाला की बाईला मत आहे, आणि कागद म्हणाला की ही बाई कुठंच दिसत नाही. आमच्या मते या सगळ्या गोष्टीतली मुख्य गाठ हीच आहे. आमच्या ताईच्या अर्जाचा विषयही हाच होता.

मिठन लंडनहून लगेच परत आली नाही. आई तिच्यासोबत राहिली आणि मुलगी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकू लागली. आणि १९१९ च्या डिसेंबरात इंग्लंडमध्ये एक कायदा झाला. बाई आहे म्हणून कुणाला वकिलीच्या व्यवसायापासून दूर ठेवता येणार नाही, असा. मिठनने लिंकन्स इन या बॅरिस्टरांच्या संस्थेत नाव घातलं. १९२३ मध्ये ती बॅरिस्टर झाली.

इकडे आपल्या देशात तोवर काय चालू होतं? १९१६ मध्ये कलकत्त्यात रेजिना गुहा नावाच्या मुलीने वकिलीसाठी अर्ज केला. तिच्याकडे पदवी होती, सगळं शिक्षण होतं. वकील कोण होऊ शकतो त्या कायद्यात 'व्यक्ती' असा शब्द होता. न्यायाधीशांनी ठरवलं की या शब्दात स्त्री येत नाही. १९२१ मध्ये पाटण्याला सुधांशुबाला हाजरा यांनाही हेच उत्तर मिळालं. आम्ही हे वाक्य गटात वाचून दाखवलं तेव्हा एकीने हळूच विचारलं, "मग बाई काय होती?" याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं.

आणि आपल्या शेजारच्या नाशिकची कॉर्नेलिया सोराबजी! तिचा जन्म नाशिकचा, १८६६ चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकली, मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली, ऑक्सफर्डला जाऊन १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली. परीक्षा पास झाली, पण ऑक्सफर्ड बायकांना पदवीच देत नव्हतं. ती पदवी तिच्या हातात पडली १९२२ मध्ये, तीस वर्षांनी. मधल्या काळात तिने पडद्यातल्या विधवांची, जमीनदार घराण्यातल्या बायकांची मालमत्तेची कामं सांभाळली, सरकारची कायदेसल्लागार म्हणून. या बायकांना परपुरुषाशी बोलता येत नव्हतं, त्यामुळे त्यांचीच मालमत्ता दुसरे लुटत होते. हे सगळं केलं तरी कोर्टात वकील म्हणून उभं राहता येत नव्हतं. शेवटी १९२१ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने तिची नोंद केली आणि १९२३ मध्ये देशभरासाठी कायदाच झाला की बाई आहे म्हणून वकिलीची सनद नाकारता येणार नाही. पूर्ण आयुष्य एका शब्दाच्या अर्थापायी गेलं म्हणायचं.

मिठन त्याच वर्षाच्या शेवटी मुंबईत परतली. दार नुकतंच उघडलं होतं. नामवंत वकील भुलाभाई देसाई यांच्या कचेरीत तिने काम सुरू केलं. हायकोर्टात पहिल्यांदा बाई बॅरिस्टर आली म्हणताना लोक दारातून डोकावून बघायचे. आपल्याला प्राणिसंग्रहालयात आणलेल्या नव्या जनावरासारखं वाटायचं, असं त्या पुढे सांगत.

त्यांच्या पहिल्या खटल्याची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. एका पक्षकाराने आपलं काम या नव्या बाईकडे दिलं. का दिलं? तो म्हणाला, माझी बाजू इतकी पक्की आहे की मी जिंकणारच. पण समोरच्याला बाईच्या हातून हरल्याची नामुष्की सोसावी लागावी म्हणून बाई वकील केली. म्हणजे हुशार म्हणून काम दिलं नाही, विरोधकाला खिजवायला दिलं. आमच्या बैठकीत यावर मोठी चर्चा झाली. काही जणी म्हणाल्या, असलं काम घ्यायलाच नको होतं. एक ताई, भाजीचा गाळा चालवणारी, म्हणाली, "घ्यायचं. गिऱ्हाईक कशासाठी आलं हे बघायचं नाही, माल चांगला द्यायचा. पुढच्या वेळी मालासाठी येतं." आम्हाला भाजीवाल्या ताईचं पटलं. मिठनबाईंनी काम घेतलं होतं.

१९३३ मध्ये त्यांचं लग्न जमशेद लाम यांच्याशी झालं. तेही वकील. लग्नानंतर मिठनबाईंचं लक्ष एकेका खटल्याबरोबर कायद्यांकडेही राहिलं. पारशी समाजाचा लग्न आणि घटस्फोटाचा कायदा १८६५ चा, फार जुना. तो बदलून १९३६ मध्ये नवा झाला, त्या कामात त्यांचा हात होता. अखिल भारतीय महिला परिषद १९२७ मध्ये पुण्यात सुरू झाली होती. तिच्या कायदेविषयक कामात मिठनबाई वर्षानुवर्षं होत्या. 'स्त्रीधर्म' नावाचं मासिक त्यांनी संपादित केलं. १९६१-६२ मध्ये त्या परिषदेच्या अध्यक्षही झाल्या. हिंदू बायकांना घटस्फोट, वारसा मिळावा म्हणून जी मोठी चळवळ झाली, ज्यातून १९५५ चा विवाह कायदा आणि १९५६ चा वारसा कायदा आला, त्यात या परिषदेचा मोठा वाटा आहे. स्वतः पारशी असलेली बाई हिंदू बायकांच्या हक्कासाठी कागद तयार करत होती.

आणि तिच्या स्वतःच्या समाजात? पारशी माणूस मृत्युपत्र न करता गेला तर मुलाला जेवढं मिळायचं त्याच्या निम्मंच मुलीला मिळायचं. मुलगा-मुलगी समान झाले ते १९९१ मध्ये. मिठनबाई १९८१ मध्ये गेल्या. दहा वर्षं राहिली.

आता नगरपालाकडे येऊ, कारण पुष्कळ जणींना हे पद माहीत नाही. नगराध्यक्ष आपल्याला माहीत आहे. महापौर माहीत आहे. आपल्या जळगाव आणि धुळ्याच्या नगरपालिकांच्या महापालिका झाल्या २००३ मध्ये, तेव्हापासून आपल्याकडेही महापौर आहेत. नगरपाल वेगळा. इंग्रजीत शेरीफ म्हणतात. हे पद इंग्रजांच्या काळापासूनचं, मुंबईसारख्या शहरात असणारं. निवडणूक नाही. सरकार शहरातल्या एका मान्यवर व्यक्तीला एक वर्षासाठी नेमतं. याचं कार्यालय हायकोर्टात. जुन्या काळी कोर्टाचे हुकूम बजावणं, ज्यूरीसाठी लोक बोलावणं ही कामं नगरपालाच्या नावाने होत. पुढे ते मानाचं पद झालं. शहरात पाहुणे आले तर स्वागत करायचं, मोठ्या माणसाच्या निधनानंतर नागरिकांची शोकसभा बोलवायची. मानात महापौरानंतर नगरपालाचा नंबर. पुढच्या काळात दिलीपकुमार, सुनील गावस्कर यांनीही हे पद सांभाळलं.

१८६९ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड मुंबईचे नगरपाल झाले होते. बाई नगरपाल व्हायला त्यानंतर अठ्ठ्याहत्तर वर्षं लागली. १९४७ मध्ये मिठनबाईंची नेमणूक झाली.

खरं सांगायचं तर नगरपालाच्या हातात पैसा नसतो, नळाला पाणी सोडायचा अधिकार नसतो. गटातल्या एकीने विचारलंच, "मग त्याचा उपयोग काय?" आम्हालाही आधी असंच वाटलं होतं. पण विचार करा. ज्या हायकोर्टाच्या दारातून चोवीस वर्षांपूर्वी लोक तिला जनावरासारखं डोकावून बघत होते, त्याच हायकोर्टात आता तिच्या नावाचं कार्यालय. शहराची सभा आता तिच्या सहीने बोलावली जाणार. सहीची किंमत बचत गटातल्या बाईला सांगावी लागत नाही. बँकेत अध्यक्ष आणि सचिव दोघींच्या सहीशिवाय एक रुपया निघत नाही, हे कळल्यावर घरातल्या माणसाचा आवाज कसा खाली येतो ते आम्ही पाहिलेलं आहे.

आणि मिठनबाई मानाच्या खुर्चीत बसून राहिल्या नाहीत. महाराष्ट्र राज्य महिला परिषदेच्या कामगार समितीच्या अध्यक्ष म्हणून त्यांनी माटुंगा लेबर कॅम्पच्या झोपडवस्तीत काम केलं. फाळणीनंतर पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या मदतीचं काम केलं. मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात जवळजवळ वीस वर्षं कायदा शिकवला. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

शहराच्या कारभारात, म्हणजे प्रत्यक्ष महापालिकेत, बायका त्याआधीच शिरल्या होत्या. १९२३ च्या सुमारास सरोजिनी नायडू, अवंतिकाबाई गोखले मुंबई महापालिकेत सभासद होत्या. १९५६ मध्ये सुलोचना मोदी मुंबईच्या पहिल्या स्त्री महापौर झाल्या.

त्या लॉ कॉलेजाचं नाव घेतल्यावर आपल्या जळगावचं नाव घ्यावंच लागतं. बोदवडजवळच्या नाडगावची मुलगी, जळगावच्या मूळजी जेठा कॉलेजात शिकलेली, पुढे मुंबईच्या त्याच गव्हर्नमेंट लॉ कॉलेजातून कायद्याची पदवी घेऊन जळगावच्या कोर्टात वकिली करू लागली. १९६२ मध्ये, सत्तावीस वर्षांची असताना, ती जळगावची आमदार झाली. पुढे राज्यात मंत्री, नगरविकास खातंसुद्धा तिच्याकडे होतं. २००७ मध्ये ती देशाची पहिली स्त्री राष्ट्रपती झाली. प्रतिभाताई पाटील. आपल्या गटांचा ज्याच्याशी नेहमी संबंध येतो ते महिला आर्थिक विकास महामंडळ, आपलं माविम, १९७५ मध्ये स्थापन झालं, त्यामागेही त्यांचे प्रयत्न होते.

आता पुन्हा कागदाकडे. देश स्वतंत्र झाला, घटनेने प्रत्येक प्रौढ बाईला मत दिलं, मालमत्तेची अट गेली. संपला प्रश्न, असं वाटेल. पण पहिल्या निवडणुकीची मतदार यादी करताना काय झालं? घरोघर नाव विचारायला माणसं गेली तेव्हा लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच सांगितलं. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन म्हणाले, असं नाव यादीत चालणार नाही. देशातल्या सुमारे ८ कोटी बाई मतदारांपैकी सुमारे २८ लाख नावं गाळावी लागली. बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतली. कायदा उघडा होता आणि नाव सांगायला तोंड उघडत नव्हतं.

१९९३ पासून नगरपालिकांत एक तृतीयांश जागा बायकांच्या झाल्या, २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या. कागदावर नाव आलं. पण वॉर्डात काम घेऊन गेलं की कधी कधी ऐकायला मिळतं, "साहेबांशी बोला." साहेब म्हणजे नगरसेविकेचा नवरा. नगरसेविका चांगल्या काम करणाऱ्या पुष्कळ आहेत, आम्ही त्यांच्याबरोबर काम केलं आहे. पण जिथं फक्त नाव बाईचं आणि शिक्का साहेबांच्या खिशात, तिथं आपण नगरसेविकेलाच हाक मारायची. अर्जावर तिचंच नाव लिहायचं, वॉर्डाच्या सभेत तिलाच प्रश्न विचारायचा. आपण साहेबांकडे गेलो की साहेब पक्के होतात.

आणि घराचा कागद. हे जरा नीट ऐका, कारण यात गैरसमज फार आहेत. घरपट्टीच्या पावतीवर नाव असणं म्हणजे घराची मालकी नव्हे. ती कराची नोंद आहे. मालकी येते ती खरेदीखताने, बक्षीसपत्राने, वारसाने. पण नोंदीत नाव असेल तर घर परस्पर विकायला, गहाण टाकायला अडथळा येतो, आणि कर्जाच्या वेळी, वादाच्या वेळी हाताशी एक पुरावा राहतो. ग्रामपंचायतीच्या नोंदीत घर नवरा-बायको दोघांच्या नावाने लावावं, ही शासनाची सूचना २००३ पासूनची आहे. शेताच्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायची लक्ष्मीमुक्तीची मोहीम आधी शेतकरी संघटनेने चालवली, मग शासनानेही ती उचलली. नवऱ्याने राजीखुशीने बायकोच्या नावे राहतं घर बक्षीसपत्राने केलं तर मुद्रांक शुल्कात मोठी सवलत आहे. आजचा आकडा दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या, दलालाला विचारू नका. नवीन घर फक्त बाईच्या नावाने घेतलं तर १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्क १ टक्का कमी लागतं.

माहेरच्या मालमत्तेचं पण सांगतो. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मापासून हक्क, हा कायदा महाराष्ट्राने १९९४ मध्येच केला होता, देशभर तो २००५ मध्ये आला. भाऊबीजेच्या ओवाळणीत साडी घेऊन हक्कसोडपत्रावर अंगठा देणाऱ्या बहिणी आपल्याकडे अजून आहेत. द्यायचं तर द्या, तो तुमचा निर्णय. पण काय लिहिलंय ते दुसऱ्या कुणाकडून वाचून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नका.

वकील लागला तर? बाईला, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी, कायद्याने मोफत वकील मिळतो. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. तिथं अर्ज करायचा. फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा नंबर आहे. आमच्या गटांमध्ये दहातल्या आठ जणींना हे माहीत नसतं, म्हणून आम्ही प्रत्येक बैठकीच्या इतिवृत्तात शेवटची ओळ म्हणून हा नंबर लिहायला लावतो.

त्या ताईचं पुढे काय झालं, असं विचाराल. बैठकीच्या दुसऱ्या आठवड्यात ती परत गेली. या वेळी नवऱ्याला घरीच ठेवलं आणि गटातल्या तिघी बरोबर नेल्या. त्यात त्या "तुन्हं कसाले" म्हणणाऱ्या आजीही होत्या. खिडकीत तोच माणूस होता. ताईने अर्ज, नवऱ्याचं संमतीपत्र, खरेदीखताची प्रत, चालू वर्षाची भरलेली पावती, सगळं एकावर एक ठेवलं आणि म्हणाली, "पोच द्या." त्याने अर्ज घेतला, वाचला, शिक्का मारून पोच दिली. काम अजून झालेलं नाही. पोचेवरचा नंबर आम्ही गटाच्या नोंदवहीत लिहून ठेवला आहे, आणि दर महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की आजीच विचारतात, "त्या कागदनं काय व्हयनं वं?"